अक्कांच्या पाच कोऱ्या ओळी

मी उंदरांना पोहायला शिकवते. माझं काम काय असं कुणी विचारलं की मी हेच सांगते. ‘मेंदूतल्या स्मरणाच्या रेणूंचा अभ्यास’ असं म्हटलं की समोरचा माणूस आधी आदराने गप्प होतो आणि मग खिशातून स्वतःच्या बीपीच्या गोळ्या काढून दाखवायला लागतो. उंदरांचं म्हटलं की लोक हसतात, आणि हसलेल्या माणसाशी पुढे नीट बोलता येतं.

आमची प्रयोगशाळा जळगावात एका कॉलेजाच्या मागच्या बाजूला आहे. दोन खोल्या आणि एक गोल टाकी. टाकीतलं पाणी मुद्दाम गढूळ केलेलं असतं आणि पाण्याखाली, दिसणार नाही अशी, एक छोटी बैठक असते. उंदीर पोहत पोहत ती शोधतो आणि तिच्यावर चढून अंग झटकतो. चार-पाच दिवसांत तो इतका तयार होतो की पाण्यात सोडला की सरळ तिकडेच जातो. पण शिकवल्या शिकवल्या त्याला एक औषध दिलं, पेशीत नवी प्रथिनं बनणं काही तास थांबवणारं, तर दुसऱ्या दिवशी तोच उंदीर टाकीत असा गोल गोल फिरतो की जणू जन्मात पाणी पाहिलं नाही. म्हणजे शिकणं वेगळं आणि ते टिकणं वेगळं. टिकायचं तर पेशीला नवं बांधकाम करावं लागतं. गंमत अशी की हे बांधकामही पक्कं नसतं. ती प्रथिनं थोड्या दिवसांत झिजून जातात, तरी माणसाला चाळीस वर्षांपूर्वीचं आठवतं. मग आत सतत डागडुजी कोण करतं? या एका प्रश्नात माझी तरुणपणाची सगळी वर्षं गेली आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. जळगावच्या मे महिन्यात माझ्या घरी कूलर आणि उंदरांना एसी असतो, त्याचं मात्र वाटतं.

उंदरांवरून माणसांवर आम्ही तीन वर्षांपूर्वी आलो. म्हातारपणी विसरण्याचा जो आजार होतो त्यात ही डागडुजी कुठे बिघडते, त्याची काही खूण रक्तात सापडते का, हे पाहायचं होतं. त्यासाठी जळगाव आणि धुळ्याच्या गावांतून म्हाताऱ्या माणसांचं रक्त घ्यायचं आणि सोबत स्मरणाची चाचणी करायची. चाचणीचा कागद बाहेरून आलेला. त्यात शंभरातून सात वजा करत जा, घड्याळ काढा, आपण कितव्या मजल्यावर आहोत ते सांगा, असले प्रश्न. ज्या बाईने आयुष्यात पाटी धरली नाही आणि जिच्या घराला मजलाच नाही, तिला हे काय विचारायचं? मी चिडून बसले आणि त्या कागदाला स्वतःचा एक भाग जोडला. घरातल्या दहा माणसांची नावं. नातं आपण सांगायचं, नाव त्यांनी. बरोबर-चूक पाहायला घरातल्या कुणाकडून यादी आधी लिहून घ्यायची. नावं काय, कुणालाही येतात, शाळा लागत नाही. माझ्या या युक्तीवर मी फार खूश होते.

माझं माहेर पहूरचं आणि सासर सोनगीरचं. आम्ही राहतो जळगावच्या पिंप्राळ्यात, पण घर म्हटलं की नवऱ्याच्या तोंडून सोनगीरच येतं. तिथे अक्का राहतात. अक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाची बायको. माझा नवरा शाळेत जाईपर्यंत त्यांच्याच मांडीवर वाढला. त्यांचं वय ऐंशीच्या आसपास, नक्की कुणालाच माहीत नाही. त्यांचा मुलगा, म्हणजे माझे मोठे दीर, पिंप्राळ्यातच आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. मी त्यांना भाऊ म्हणते. भाऊ दर रविवारी स्कूटरवरून येतात, चहा पितात आणि आईला इकडे आणायचा विषय काढतात. आई एकटी आहे, एकदा गॅस चालू राहिला, एकदा दूध उतू गेलं. माझ्या घरी दूध आठवड्यातून दोनदा उतू जातं, पण मी ते बोलत नाही.

गेल्या उन्हाळ्यात सोनगीरला आमचं शिबिर होतं. अक्का आपणहून आल्या. आधी संमतीचा अंगठा, मग रक्त, मग चाचणी. सून म्हणून मी बाजूला व्हायला हवं होतं, दुसऱ्या कुणाला तरी बसवायला हवं होतं. पण विद्यार्थिनी जेवायला गेली होती आणि मला घाई होती. मी विचारत गेले. वजाबाकीला त्या हसल्या. घड्याळाला म्हणाल्या, “मी सूर्य दखीसन उठस.” मग नावं आली. भाऊंनी लिहून दिलेली यादी माझ्या हातात होती. दहातल्या पाच ठिकाणी अक्का गप्प बसल्या. तोंड फिरवून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मी पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. मी पाच ओळी कोऱ्या सोडल्या आणि खाली एकूण गुण लिहिले. ते फार कमी होते.

दुसरी चूक मी घरी येऊन केली. असलं काही कुणाला सांगायचं नसतं, आधी डॉक्टरांकडून नीट तपासून घ्यायचं असतं, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवते. पण रविवारी भाऊ चहाला आले, “काय निघालं आईचं?” म्हणाले, आणि माझा चेहरा पडला. पडलेल्या चेहऱ्याला गुणपत्रिका लागत नाही. भाऊंनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “म्हणजे मला वाटत होतं तेच.”

त्यांनी ठरवूनच टाकलं. श्रावणातली कानबाई झाली की सोनगीरचं घर बंद करायचं आणि आईला पिंप्राळ्याला आणायचं. आणि या वर्षीची मूठ आईने घ्यायची नाही.

मूठ म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पहूरच्या माझ्या माहेरी ही पद्धत नव्हती आणि मलाही ती लग्नानंतरच कळली. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या सासरी कानबाई बसते. नारळाला नथ घालून, सजवून देवी मांडतात. तिच्या नैवेद्याला गव्हाच्या जाड पोळ्या, म्हणजे रोट, लागतात आणि त्या रोटांचे गहू भाऊबंदातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मोजून घेतात. एकाला सव्वा मूठ. म्हातारा असो की पाळण्यातला, सुरतला असो की नाशिकला. एकही सुटता कामा नये. ही मूठ घरातली थोरली बाई घेते, आणि गेली कित्येक वर्षं ती अक्काच घेत आल्या. पुरुषांच्या नावाने बायकांनी मोजायचं आणि बायकांच्या नावाने कुणीच मोजायचं नाही, यावर मी लग्नाच्या पहिल्या वर्षी भाषण केलं होतं. अक्कांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “व्हयनं का? आते तो सूप दे.”

मूठ काढून घेणं म्हणजे घर काढून घेण्याहून मोठं आहे, हे मला भाऊंनी अक्कांना कळवल्यावर त्यांचा मला फोन आला तेव्हा कळलं. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “मूठ तं मीच लेसू. आनि हाई घर सोडीसन माले कथाइज जानं नही. तुना कागदवर काय लिखेल शे, ते तू बदल.”

मी म्हटलं, “अक्का, कागद असा बदलता येत नाही.” फोन ठेवल्यावर मला स्वतःचा इतका राग आला की मी त्या दिवशी प्रयोगशाळेत विनाकारण दोघांवर खेकसले.

शेवटी नवऱ्याने मध्यस्थी केली. मूठ अक्कांनाच घेऊ द्यायची. भाऊ मोबाइलवर सगळ्या पुरुषांची यादी तयार करतील, मी शेजारी बसून एकेका नावावर खूण करीन. सगळी नावं बरोबर आली तर पिंप्राळ्याचा विषय बंद. एक जरी चुकलं तर अक्कांनी मुकाट्याने बॅग भरायची. अक्कांनी हे मान्य केलं. मला वाटलं होतं नाही म्हणतील.

कानबाईच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही सोनगीरला पोचलो. ओसरी सारवलेली, पितळेची परात घासून लख्ख केलेली, परातीत गहू, समोर कोरं कापड. अक्का आंघोळ करून नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. भाऊबंदातल्या आठ-दहा बाया भिंतीला टेकून बसलेल्या. मी मांडीवर मोबाइल घेऊन अक्कांच्या डाव्या हाताला बसले. इतकी नावडती परीक्षक मी आजवर कुठेच झाले नव्हते. भाऊ दारात उभे होते.

अक्का सुरू झाल्या. नाव घ्यायचं, मूठ भरायची, वर पाव मूठ, कापडावर ओतायची. माझ्या लक्षात आलं की त्या यादीसारखी नावं आठवत नव्हत्या. त्या गल्लीतून चालत होत्या. वेशीकडच्या पहिल्या घरापासून सुरुवात, त्या घरातले सगळे, मग शेजारचं घर. जे सुरतला गेले त्यांचं कुलूप लावलेलं घर आलं की तिथे थांबून त्यांची नावं घ्यायची. प्रत्येक घराचा उंबरा त्यांना पुढच्याचं नाव सांगत होता. भाऊंची यादी वयाप्रमाणे होती, त्यामुळे खूण करायला माझीच तारांबळ उडाली. दोन नावं मला सापडेनात. अक्का थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “गवसनं का? मी थांबस.” बाया खुदखुदल्या.

आमच्या घराशी आल्या. स्वतःच्या मुलाचं नाव, नातवाचं नाव, मग “धाकला” म्हणून माझ्या नवऱ्याची मूठ. घरात त्याला सगळे धाकलाच म्हणतात. मी खूण केली.

पुढच्या घराला अक्कांनी मूठ भरली आणि नाव न घेताच कापडावर ओतली.

“अक्का, नाव?” मी म्हटलं.

त्यांनी पदर पुढे ओढला. पुढची मूठ भरायला हात परातीत घातला.

“अक्का, ही कुणाची होती?”

गप्प. तोंड तिकडे. अगदी उन्हाळ्यातल्या शिबिरासारखं. दारातून भाऊ एक पाऊल आत आले. यादीत त्या घरातलं एकच नाव होतं आणि ते मला माहीत होतं. समोरच्या घरात खाटेवर बसून राहणारे, नव्वदी ओलांडलेले आबा. अक्कांचे चुलत सासरे. त्यांना दिवसातून चार वेळा चहा अक्काच नेऊन देतात.

तेवढ्यात भिंतीशी बसलेली अक्कांची एक धाकटी चुलत जाऊ फसकन हसली. “व माय! सासरानं नाव कोनी लेस का? डॉक्टरीन शे का कोन शे तू?”

सगळी ओसरी हसली. अक्का पदराआड हसत होत्या. मला आधी काही कळेचना, आणि कळलं तेव्हा कान तापले. मला ही रीत माहीत नव्हती असं नाही. पहूरला माझ्या आजीने आजोबांचं नाव जन्मात घेतलं नाही, रेशनकार्डाच्या वेळीही शेजारणीला पुढे केलं. मी स्वतः अक्कांसमोर नवऱ्याला ‘हे’ म्हणते, घरी मात्र नावाने हाका मारते. सगळं माहीत होतं. पण चाचणीचा कागद हातात आला की माझं बाकीचं शिक्षण कुठे जातं कोण जाणे. स्मरणावर पोट भरणाऱ्या बाईला नेमकं हेच आठवू नये!

मी तिथेच मोबाइलमधला अक्कांच्या कागदाचा फोटो उघडून बघितला. पहिली ओळ नवरा. कोरी. दुसरी सासरा. कोरी. तिसरी सासू, चौथी चुलत सासरा. कोऱ्या, कोऱ्या. “भाऊ,” मी ओरडलेच, “त्या विसरल्या नव्हत्या हो! त्यांनी मान राखला होता!” भाऊंनी फोटो बघितला, आईकडे बघितलं, आणि ओशाळे होऊन म्हणाले, “यादी तर मीच लिहून दिली होती.” मूठ पूर्ण झाली. एकही सुटलं नाही, एकही जास्त झालं नाही. भाऊ अक्कांच्या पाया पडले आणि रोटांच्या दळणासाठी गिरणीवाल्याने गिरणी धुऊन ठेवली का ते बघायला निघून गेले. पिंप्राळ्याचं नाव त्यांनी काढलं नाही.

मला मात्र आणखी एक गोष्ट आठवली होती. आमच्या गोळा केलेल्या कागदांत नावांच्या भागात बायका पुरुषांच्या फार मागे पडत होत्या, आणि बायकांची नावांची आठवण आधी जाते असं एक टिपण मी मोठ्या उत्साहाने लिहायला घेतलं होतं. किती गावांतल्या किती म्हाताऱ्या माझ्यासमोर पदर गुंडाळत बसल्या होत्या! मी विद्यार्थिनीला फोन करून सांगितलं, ते टिपण बाजूला ठेव, सगळे कागद काढ, कोणत्या नात्यापुढे कोरं आहे ते बघ. ती म्हणाली, “मॅडम, माझी आजी पण घेत नाही नाव. मला वाटलं तुम्ही त्याचा काहीतरी विचार केला असेल.” तिचंही खरं होतं. तरी त्या दिवशी माझ्याइतकी सुखी बाई धुळे जिल्ह्यात नसेल. शोध बुडाला होता, पण अक्का वाचल्या होत्या.

रविवारी कानबाई बसली, सोमवारी वाजतगाजत गेली. मंगळवारी पुरुष मंडळी आपापल्या गावी पांगली. मी एक दिवस जास्त राहिले. सकाळी परसात अक्का आणि मी रोटांबरोबरच्या भाजीसाठी गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, चिरत बसलो होतो. रोट अजून उरले होते, ते भाऊबंदांनीच संपवायचे असतात. अक्का विळीवरून वर न बघता म्हणाल्या, “तुनी खुशी व्हयी गयी. म्हनीसन मी चूप बठनू.”

“म्हणजे?”

“त्या पाचमा चार तं मोठा मानसे व्हतात. त्यास्नं नाव मी कशी लेवू? पन पाचवं...” त्यांनी फोड पातेल्यात टाकली. “पाचवं माले उनंच नही.”

मी हात पुसून मोबाइल काढला. चार कोऱ्या ओळी वर होत्या. त्यांच्या खाली अक्कांचा माहेरचा भाऊ, दोन मुली, मुलगा, नातू, सगळे बरोबर. आणि सगळ्यात खाली दहावी ओळ, कोरी. मला हवं होतं ते वरच्या चार ओळींत सापडलं आणि मी खाली बघितलंच नव्हतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना यासाठी मी रागावते.

दहाव्या ओळीतलं नातं होतं धाकटा पुतण्या. माझा नवरा.

“दिसस माले,” अक्का म्हणाल्या. “त्यानं तोंड दिसस, त्यानी चाल दिसस. लहानपने ताप उनथा ती रात याद शे. नाव येस नही. धाकला, धाकला करीसन नावच गयं.”

त्या घाबरलेल्या नव्हत्या. मी घाबरले होते. मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं आणि मी विळी मध्ये असल्यामुळे नुसता गुडघ्यावर हात ठेवला. मग मी त्यांना आमच्या उंदरांचं सांगितलं. आत जे बांधलेलं असतं ते झिजतं, आणि वापरलं, आठवलं, कानावर पडलं की पुन्हा बांधलं जातं. सगळंच पुन्हा बांधता येतं असं नाही, आजार असेल तर तो असतोच, तो मला थांबवता येत नाही, हेही सांगितलं. खोटं सांगितलं नाही. धुळ्यात एक चांगले डॉक्टर आहेत, त्यांना दाखवू म्हटलं. त्या हो म्हणाल्या.

“भाऊंना सांगायचं का?”

“मीच सांगसू. रोट सरू दे.” मग पुढची फोड चिरत, “पुढला साले तू मनाजोडे बठ. यादी नको. नुसती बठ. मी थांबनू तं कानमा हयूच सांग.”

मी मान हलवली. अक्कांनी विळी आडवी केली. “आते सांग ना मंग. काय नाव शे त्यानं?”

परसात आम्ही दोघीच होतो, तरी माझी जीभ अडखळली. सासूसमोर नवऱ्याचं नाव. पिंप्राळ्यात मी ते दिवसातून पन्नास वेळा घेते, टॉवेल कुठे टाकलास म्हणून घेते. इथे मला लग्नात उखाण्याला उभी केली होती तशी लाज वाटली. मग मी नाव घेतलं. मोठ्यांदा. अक्कांनी ते तीनदा म्हटलं, तोंडात नवी चव आल्यासारखं.

“जेवन झायं का परत इचार,” त्या म्हणाल्या.

जेवणं झाली. भांडी विसळता विसळता मी विचारलं. अक्का नळाची धार बंद करून थांबल्या. मी मनातल्या मनात सेकंद मोजायला लागले आणि मोजणं सोडून दिलं. त्यांनी नाव सांगितलं. बरोबर, पूर्ण, शेवटच्या अक्षरापर्यंत. माझे डोळे भरून आले आणि मी ओल्या हातांनीच ते पुसले.

“आते तू घरमा त्यानं नाव लेत जाय,” अक्का नळ पुन्हा सोडत म्हणाल्या. “मनासमोर बी ले. मना कानवर पडाले जोयजे.”